केवळ माननीय रानबदक यांच्यासाठी

वर्षश्राद्धाचं पठण आटोपलं, चहाचा शेवटचा घोट घेऊन भिक्षू आपल्या स्कूटरवरून पुढच्या घरी गेले, आणि तोकुयासु कुटुंबाच्या बैठकीत सगळ्यांनी दुमडलेले पाय एकदम लांब केले. काकांनी तर गळ्यातला काळा टाय सोडून सरळ खिशात कोंबला.

"दादा असता तर म्हणाला असता, हिदेमित्सु, अजून तास संपलेला नाही," असं म्हणत त्यांनी बीअरची बाटली आपल्याकडे ओढली.

फोटोतले शिगेतोशी मास्तर, म्हणजे काकांचे हे दादा आणि मिनोरीचे सासरे, बघतच होते. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. फोटोतही समोरच्याची वही तपासत असल्यासारखा चेहरा.

मिनोरीनं जेवणाचे डबे मांडले. पाठीशी बांधलेल्या कोतोचा श्वास मानेवर गरम लागत होता. दहा महिन्यांचं ते पोर आता झोपणार की रडणार, हे अजून ठरायचं होतं.

"चार वाजता योनागोहून जुन्या पुस्तकांचा माणूस येतोय," तिच्या नणंदेनं, काझुएनं, डब्याचं झाकण काढता काढता सांगून टाकलं. "छोटा ट्रक घेऊन. वरच्या खोलीतली सगळी पुस्तकं एका खेपेत नेईल. मी बोलून ठेवलंय."

मिनोरीचा हात चहाच्या किटलीवर थांबला.

"आजच, ताई?"

"मग कधी? मला उद्या ओसाकाला परत जायचंय. आईच्या उशाला नुसतं कागदी सरकतं दार, आणि दारापलीकडे तो पुस्तकांचा डोंगर. फेब्रुवारीत जमीन हलली तेव्हा किती पुस्तकं पडली होती, नाओया?"

"सात-आठ," नाओया म्हणाला. बायको आणि बहीण यांच्यामध्ये बसल्यावर तो नेहमी आकडाच सांगायचा. मत कधी सांगायचा नाही.

"सात-आठ पडली तर म्हातारं माणूस उठून बसतं. सत्तर पडली तर उठत नाही," काझुए म्हणाली. तिच्या बोलण्यात धार होती, पण ती धार काळजीची होती, हे मिनोरीला कळत होतं. म्हणूनच तर उत्तर देणं अवघड होतं.

सेत्सुको, म्हणजे मिनोरीच्या सासूबाई, नाशपाती सोलत होत्या. साल एकसंध खाली लोंबत होती. त्यांनी मान वर केली नाही.

"आई, तूच म्हणाली होतीस ना?" काझुएनं विचारलं. "बाबांच्या शंभराव्या दिवसाच्या विधीला. सगळ्यांसमोर. यातलं पान न् पान घराबाहेर काढा म्हणून."

"म्हणाले होते," सेत्सुको म्हणाल्या.

आणि म्हणाल्याच होत्या. मिनोरीला तो दिवस जसाच्या तसा आठवत होता. चष्म्याच्या दुकानातली नोकरी बाळंतपणात सुटली होती, कोतो दीड महिन्याची होती, आणि दिवसभरात स्वतःचं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. तिनं भीतभीतच विचारलं होतं, "मी फोनवरून विकून बघू का, आई? जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर?" सेत्सुको एवढंच म्हणाल्या होत्या, "विक, नाहीतर बंबात घाल."

तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिला फोटो स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली काढला, तर पुस्तकावर तिच्याच डोक्याची सावली. दुसरा खिडकीशी काढला, उजेड छान आला, पण कोपऱ्यात कोतोचा पाय आला आणि तो तिला दिसलाच नाही. तसाच फोटो तिनं लावून टाकला. ‘स्थिती चांगली’ असं लिहिलं आणि हातात पडल्यावर पुस्तकाचा कणा उसवलेला निघाला म्हणून कुणा गिऱ्हाइकानं तिला असं सुनावलं, की दोन दिवस फोन हातात घ्यायची भीती वाटली. मग ती शिकली. डाग आधी सांगायचा, गुण मागून. घरात कुणी सिगारेट ओढत नाही, मांजर नाही, हे न विचारता लिहायचं. पावसाळी दिवस गृहीत धरून आधी प्लास्टिकची पिशवी, मग फुग्यांचा कागद, मग पुठ्ठा. कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात जाऊन, जाडी मोजायच्या, फट पाडलेल्या पट्टीतून पार्सल सरकतं का ते बघायचं. तीन सेंटिमीटरच्या फटीतून गेलं तर हलका दर. अडलं की दर दुप्पट. किती तरी वेळा पाठीवर कोतो आणि हातात पार्सल घेऊन ती त्या फटीशी झटापट करत उभी राहिली होती आणि पलीकडचा विद्यार्थी-नोकर सभ्यपणे छताकडे बघत होता.

हे सगळं कोतोच्या झोपेच्या तुकड्यांत चालायचं. चाळीस मिनिटं, कधी पंचवीस.

आणि मग रानबदक आलं.

अ‍ॅपवर खरं नाव नसतं. विकणाऱ्याला घेणाऱ्याचा पत्ता कळत नाही, घेणाऱ्याला विकणाऱ्याचा. पार्सलवर नुसती आकड्यांची पट्टी. तर ‘रानबदक’ या नावाच्या कुणीतरी पहिला निरोप धाडला होता: ‘नमस्कार. आपल्या फोटोत उजव्या कोपऱ्यात एक लहान पाऊल दिसते. ते पुस्तकासोबत येते की स्वतंत्र विक्रीस आहे?’

मिनोरी इतकी हसली होती की कोतो जागी झाली.

त्यानंतर आठ महिन्यांत रानबदकानं एकापाठोपाठ एक सव्वीस पुस्तकं घेतली. नेच्यांवरचं घेतलं, ढगांवरचं घेतलं, शाळेतल्या प्रयोगशाळेची काचेची भांडी कशी धुवावीत यावरचं सुद्धा घेतलं. आणि प्रत्येक वेळी आधी एकच प्रश्न: ‘या पुस्तकात हसण्यासारखे काही आहे का?’

नेच्यांच्या पुस्तकात! पण विचारलंय तर सांगायला हवं, म्हणून मिनोरी ते पुस्तक वाचायला बसली. बासष्टाव्या पानावर लेखक नेचं शोधता शोधता चिखलात आडवा पडला होता आणि पडल्या जागी नाकासमोर त्याला दुसरंच दुर्मीळ नेचं सापडलं होतं. तिनं तसं कळवलं. आठवड्यानं उत्तर आलं, ‘वाचले. हसू आले, पण एवढे नाही.’

एवढं म्हणजे केवढं? ते रानबदक सांगायचं नाही. मिनोरी पुढचं पुस्तक उघडायची. असं करत करत, कॉलेजातही कधी अभ्यासापलीकडचं पुस्तक न धरलेली ही बाई सासऱ्यांचं कपाट वाचत सुटली होती. कोण असेल हा माणूस? विद्यार्थी? डॉक्टर? अंथरुणाला खिळलेलं कुणी?

चार दिवसांपूर्वी रानबदकानं लिहिलं होतं, ‘मागील एका फोटोत कडेला खोक्यात घातलेले जाड पुस्तक दिसले. ते विकणार असाल तर कृपया माझ्यासाठी राखून ठेवावे.’ मिनोरीनं शब्द दिला. आज सकाळी भिक्षू यायच्या आत, पावणेबाराला, तिनं ते पुस्तक अ‍ॅपवर चढवलं. ‘वाळूचं चालणं’, इथल्याच कुणा शिक्षकानं वाळूच्या टेकड्यांची वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन लिहिलेलं. अ‍ॅपवरच्या रीतीप्रमाणे वर नाव घातलं: ‘केवळ माननीय रानबदक यांच्यासाठी.’

पण बाकीची दोनशेवर पुस्तकं चार वाजता ट्रकमध्ये जाणार होती. त्यांच्याबरोबर तिचं दुकान जाणार होतं, ते चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे जाणार होते, आणि तो प्रश्न विचारणारं माणूसही.

"ताई," ती म्हणाली, "मी विकतेय ना. हळूहळू कमी होतायत."

"किती विकलीस आठ महिन्यांत?"

"एकतीस."

"या वेगानं कोतोच्या लग्नापर्यंत कपाट रिकामं होईल!"

काका खळखळून हसले. मग मिनोरीचा चेहरा बघून म्हणाले, "पण एकतीस म्हणजे चांगलीच की. दादाची पुस्तकं घेतं कोण? मला फुकट दिली होती, तरी मी घेतली नाहीत."

"सव्वीस एकाच गिऱ्हाइकानं घेतलीत," नाओया बोलून गेला, आणि मिनोरीला वाटलं, नसता बोलला तर बरं झालं असतं.

काझुएनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "एकाच? कोण आहे?"

"नाव कळत नाही. टोपणनाव आहे."

"आणि काहीही घेतं? ढग, भांडी, सगळं?" काझुए पुढे सरसावली. "मिनोरी, अगं तो दलाल आहे! भोळी बाई सापडली, स्वस्तात उचलतोय आणि तोक्योत चौपट भावानं विकतोय. एखादं पुस्तक सोन्याचं निघालं असेल आणि तुला पत्ता नाही."

"दलाल असं विचारत नाहीत, ताई."

"कसं?"

मिनोरीनं सांगितलं. 

"हसण्यासारखं?" काका म्हणाले. "दादाच्या पुस्तकांत? मग तो दलाल नाही, वेडा आहे."

"किंवा फार हुशार," काझुए म्हणाली. "सूत जुळवायचं, म्हणजे भाव कमी लावता येतो. काका, तुम्हीच सांगा, अनोळखी माणूस एवढ्या गप्पा मारतो का?"

"तेही खरं," काका म्हणाले. ज्याचा ग्लास भरलेला त्याच्या बाजूला काका, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्ता बाटली काझुएच्या हातात होती.

"दाखव तुझं दुकान." काझुएनं स्वतःचा फोन काढला. पोरांचे लहान झालेले कपडे ती याच अ‍ॅपवर विकायची, तिला सगळे खाचखळगे माहीत होते. दोन मिनिटांत तिला दुकान सापडलं. "हे बघा! नाव घालून राखूनसुद्धा ठेवलंय. माननीय रानबदक! मिनोरी, तुला माहितीये ना, या राखण्याला काही अर्थ नसतो? अ‍ॅपचा तसा नियमच नाही. लोकांनी आपापसात पाडलेली पद्धत आहे. ज्यानं आधी बोट दाबलं, त्याचं."

"ठाऊक आहे. पण कुणी दाबत नाही, ताई. मी शब्द दिलाय."

"बघूया तुझं बदक किती फडफडतं ते. दलाल असेल तर पाच मिनिटांत भांडायला येईल."

आणि तिनं बोट दाबलं.

मिनोरीच्या एप्रनच्या खिशात फोन किणकिणला. आठ महिने या आवाजानं तिला आनंद व्हायचा. आत्ता नाही. तिनं फोन काढून बघितला. ‘विकले गेले.’ रानबदक आता बघेल आणि त्याला वाटेल, हिनं शब्द फिरवला. दहा शब्दांचा एक खुलासा मनात जुळेना.

"काझुए!"

सेत्सुकोंच्या हातातली साल तुटून ताटात पडली.

"नाव घातलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो! एवढी साधी रीत नाही कळत तुला?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सेत्सुकोंचा आवाज चढलेला या घरात कुणी फारसा ऐकला नव्हता.

"तुला काय माहीत गं, आई, अ‍ॅपवरच्या रीती?" काझुएनं विचारलं.

"नगरपालिकेच्या वर्गात शिकवतात. ज्येष्ठांच्या. फोनच्या."

"तिथं भूकंपाची सूचना कशी बघायची ते शिकवतात."

"पुढच्या वर्गात बाकीचं शिकवतात."

"आणि तुला एवढा राग कशाचा आला?"

सेत्सुकोंनी सुरी पुसली, पाटावर आडवी ठेवली, नाशपातीच्या फोडी एका ओळीत लावल्या. मग लावण्यासारखं काहीच उरलं नाही.

"कारण ते तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

कुणाच्याच लगेच डोक्यात शिरलं नाही. मिनोरीच्या मात्र शिरलं, आणि तिला आधी काय आठवावं, तर तो पाय. स्वतंत्र विक्रीस आहे का! हे या बाईनं लिहिलं होतं? जिच्याशी रोज बोलणं व्हायचं ते ‘भात झाला का’ आणि ‘पोरीला टोपी घाल’ एवढंच? जी भिंतीपलीकडे बसून तिला ‘आपण’ म्हणत होती?

"तू रानबदक?" नाओयाचा आ वासलेलाच राहिला.

"दुसरं नाव सुचलं नाही. तेव्हा कालव्यात रानबदकं पोहत होती."

"पण पार्सल? घरी तर एकही आलं नाही!"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून उचलते. फिरायला जाते तेव्हा."

"थांब थांब." नाओयानं दोन्ही हात वर केले. "मिनोरी पुस्तक त्या दुकानात नेऊन देते. ते तिथून योनागोच्या पार्सल-वर्गीकरण केंद्रात जातं. तिथून परत त्याच दुकानात येतं. आणि तू ते परत याच घरात आणतेस?"

"लोणच्याच्या खोलीत आहेत. कोरडी आहे ती जागा."

काकांना एवढं हसू आलं की बीअर सांडली. "म्हणजे घरातलं ओझं आठ महिन्यांत पाच पुस्तकांनीच कमी झालं! काझुए, तुझा डोंगर जागचा हललाच नाही. नुसता फिरून आला!"

काझुए हसली नाही. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी. "आई, तुला पुस्तकं हवी होती तर कपाटातून का नाही घेतलीस? पैसे देऊन? आपल्याच घरातली?"

"ते कपाट त्यांचं होतं. चव्वेचाळीस वर्षांत मी कधी हात लावला नाही, त्यांना आवडायचं नाही. आता गेले म्हणून लावायचा?" सेत्सुको मिनोरीकडे वळल्या, पण डोळे तिच्या एप्रनवरच होते. "मग त्याचं दुकान झालं. दुकानातून घेताना चोरी वाटत नाही. आणि सगळ्यांसमोर पान न् पान बाहेर काढा म्हणून बसले होते. कुठल्या तोंडानं मागायचं?"

"पण कशासाठी?" काझुएनं विचारलं. "तू तर शास्त्राचं एक पान वाचलं नाहीस कधी."

सेत्सुकोंनी तुटलेली साल ताटाच्या कडेला सारली. कोतोनं पाठीवर एक सुस्कारा सोडला आणि ती झोपून गेली.

"तुम्ही पोरं झोपलात की ते वर त्या खोलीत वाचायला बसायचे," त्या म्हणाल्या. "आणि हसायचे. मोठ्यानं नाही. तोंडावर हात धरून. खांदे हलायचे, ते सरकत्या दारावरच्या सावलीत दिसायचं. मी विचारायची, काय झालं? तर म्हणायचे, काही नाही, सांगत बसायला फार वेळ लागेल. दरवेळी हेच. मला वाटायचं, निवृत्त झाल्यावर वेळ मिळेल, तेव्हा सांगतील."

"बाबा हसायचे?" काझुएनं विचारलं.

हे तिनं असं विचारलं, की नाओयानं खाली बघितलं. एकेचाळीस वर्षांची बाई, ओसाकात स्वतःचं ऑफिस सांभाळणारी, आणि तिला हे माहीत नव्हतं.

"लहानपणी फार हसायचा," काका हळूच म्हणाले. या वेळी त्यांचा ग्लास रिकामा होता. "मास्तर झाला आणि थांबला. मला वाटलं, थांबलाच."

"सव्वीस वाचून झाली," सेत्सुको म्हणाल्या. "अजून सापडलं नाही."

मिनोरीला बोलायचं होतं. ती म्हणणार होती, आई, मीही शोधतेय, तुम्ही विचारलंत म्हणून. पण बाहेर गल्लीत ट्रक मागे घेतानाचा टीं-टीं आवाज यायला लागला. चारला दहा कमी होते. योनागोचा माणूस वेळेआधी आला होता.

कुणीच उठलं नाही. मिनोरीला कळलं, की आत्ता गप्प बसलं तर सवयीनं सगळं ठरल्याप्रमाणे होऊन जाईल. ट्रक दारात आहे, माणूस लांबून आलाय, परत कसं पाठवायचं? या घरात असंच व्हायचं.

"ताई, पुस्तकं मी देणार नाही," ती म्हणाली.  "माझं गिऱ्हाईक आहे त्यांना. ते शोधतंय तोवर मी विकणार. कपाट भिंतीला पट्ट्यांनी ठोकून घेऊ, आईंचं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवू. पण दुकान बंद करणार नाही."

काझुए तिच्याकडे बघत राहिली. मग आईकडे. मग उठली, नाशपातीच्या टोपलीतली सहा चांगली फळं निवडून पिशवीत भरली, आणि दारातून आधी कमरेत वाकत, मग बाहेर पडत, "चूक माझी, सर्वस्वी माझी, एवढ्या लांब आपल्याला उगाच त्रास…" असं म्हणत ट्रककडे गेली. खिडकीतून दिसत होतं: तो माणूसही वाकत होता, तीही वाकत होती, दोघांपैकी आधी कोण थांबेल हे ठरत नव्हतं.

परत आली ती कामाचंच बोलत. "पट्ट्या याच आठवड्यात ठोकायच्या. नाओया, फोटो पाठव. आणि अंथरूण आजच हलवायचं." मग जरा थांबून, "ते वाळूचं पुस्तक दे, बॅगेत टाकते."

"देता येणार नाही, ताई."

"म्हणजे? मी घेतलंय ना?"

"घेतलंय म्हणूनच. अ‍ॅपवरून घेतलेलं अ‍ॅपवरूनच जाणार. पट्टी छापायची, दुकानात द्यायचं, तुम्हाला ओसाकाला परवा पोचेल. हातात दिलं तर तिकडे नोंदच होणार नाही."

"मी इथे समोर उभी आहे!"

"दुकानाला ते कसं कळणार?" सेत्सुको म्हणाल्या. काका पुन्हा हसत सुटले.

"रद्द करू का?" काझुएनं विचारलं. प्रश्न आईला होता.

"नको," सेत्सुको म्हणाल्या. "वाच तू. बघ सापडतं का. वाचून झालं की लाव विकायला. नाव घालून."

"भाव कमी करणार नाही हं, आई."

"मागितलाय कुणी?"

मिनोरी कोतोला घेऊन वर गेली. पुस्तकांच्या खोलीत तिनं फुग्यांचा कागद अंथरला, पुठ्ठा मापानं कापला, वाळूच्या पुस्तकाचं खोकं मधोमध ठेवलं. मागून पावलं आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"या ना, आई," ती म्हणाली. "कागदाचं टोक धरायला कुणी नाही. पोरगी पाठीवर आहे, वाकता येत नाही."

सेत्सुको आत आल्या. समोर बसून त्यांनी एका बोटानं कागदाचं टोक दाबून धरलं. मिनोरीनं चिकटपट्टी ओढली, पण लावली नाही.

"एक पान बघायचंय का?"

"नको. ते काझुएचं झालंय."

"बरं," मिनोरी म्हणाली आणि वाट बघत राहिली.

"घडी न मोडता बघता येतं का?" सेत्सुकोंनी विचारलं.

"येतं."

त्यांनी कागदावरचं बोट उचललं, पदराला पुसावेत तसे दोन्ही हात एप्रनला पुसले आणि खोक्यातून पुस्तक अलगद बाहेर सरकवलं.